चार ताऱ्यांच्या घराची गच्ची

दार उघडलं, मी नमस्कार केला, आणि माझ्या कानाखाली बसली.

मारणारे गृहस्थ सत्तरीच्या आसपासचे होते. मोर्शीकडच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, अंगानं काटक, धुतलेला पांढरा शर्ट घातलेले. माझा चष्मा पायपुसण्यावर पडला म्हणून मी वाकलो, तेवढ्यात दुसरी चापट मानेवर बसली.

"ही सही तुमचीच ना?" त्यांनी हातातला कागद माझ्या नाकाशी धरला. सही माझीच होती. "आता ते वाचा. मोठ्यानं."

दाराशेजारी भिंतीवर एक चौकोनी पट्टी चिकटवलेली होती. फ्रिजवर असते तशीच, फक्त मोठी. पाचपैकी चार तारे भरलेले होते. मी वाचलं, "चार तारे."

"बरोबर. आता आत या आणि मला सांगा, माझी बायको त्या चार ताऱ्यांच्या घरात उन्हानं कशी काय पडली."

माझं काम थोडं सांगितल्याशिवाय त्या दोन चापटा कळायच्या नाहीत. मी अकोल्याचा. तिथेच बांधकामाचा डिप्लोमा केला, काही वर्षं साइटवर घासली, मग घरांचा ऊर्जा दर्जा तपासायचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झालो. फ्रिजला, एसीला जसे तारे असतात तसे आता घरालाही देतात. घरात माणसाला सुखानं राहता यावं म्हणून वर्षाला किती वीज जाळावी लागेल, याचा तो अंदाज असतो. भिंत किती जाड आहे, खिडक्या पश्चिमेला किती, त्यांच्यावर ऊन अडवायला सज्जा आहे की नाही, काच कसली, वारा आरपार जातो का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे छतात काय भरलं आहे, हे सगळं त्यात धरतात. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात घराचा खरा शत्रू छत असतं. पहिला हिशेब नकाशावरून होतो. मग घर पूर्ण झालं की तपासनिसानं स्वतः जाऊन, नकाशात जे दाखवलं ते खरोखर बसवलं आहे का, ते पाहायचं असतं.

अमरावतीच्या वेशीवरच्या त्या वसाहतीत एकसारखी बावीस घरं होती. नकाशात प्रत्येक स्लॅबवर फोमचा जाड थर आणि त्यावर सिमेंटचा कोबा दाखवला होता. मी गेलो त्या दिवशी एका घराच्या अंगणात फोमचे तक्ते रचून ठेवले होते. मी त्यांचे फोटो काढले. खालून तीन घरं पाहिली. आणि बावीसही घरांवर सही केली. मला कोणी काही दिलं नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं. ऊन फार होतं, जिने चढायचा कंटाळा आला होता, आणि अकोल्याची चारची बस गाठायची होती. एवढंच.

सरांनी मला समोरच्या खुर्चीत बसवलं. ते स्वतः उभेच राहिले.

"आम्ही दोन घरं पाहिली होती," ते म्हणाले. "दुसऱ्या घराला बोअरचं पाणी चांगलं होतं, अंगणात मोठं कडुनिंब होतं. बायको म्हणत होती तेच घेऊ. मी म्हटलं, नाही, याला चार तारे आहेत, सरकारी माणसानं तपासलं आहे. आयुष्यभर पोरांना सांगत आलो, लिहिलेलं नीट वाचा. मी वाचलं."

हिवाळ्यात ते राहायला आले. एप्रिलच्या शेवटी वरच्या खोलीत पाय ठेववेना. कूलर लावला तर तो गरम वाफ फेकायचा. एका दुपारी सर औषधं आणायला गेले होते. परत आले तेव्हा त्यांच्या पत्नी वरच्या खोलीत फरशीवर पडल्या होत्या. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं, डोळे पांढरे. आठ दिवस दवाखान्यात काढले. जीव वाचला, पण डाव्या हाताची पकड गेली. मग सरांनी दाखल्यावरून माझं नाव शोधून मला बोलावून घेतलं होतं.

हे सांगताना सरांचा आवाज चढत गेला आणि त्यांनी टेबलावरची पितळी फुलदाणी उचलून भिंतीवर हाणली. प्लास्टरचा पोपडा उडाला. मी हात डोक्यावर घेतले.

तेवढ्यात आतून काकू आल्या. उजव्या हातात पाण्याचा पेला, डावा हात पदराखाली.

"बसा ना तुमी खाली," त्या सरांना म्हणाल्या. "मारलं ना त्यायले? झालं आता. पानी त पिऊ द्या." मग माझ्याकडे वळल्या. "घे बापा. उन्हातून आला तू."

तो पेला मला घेववेना. घेतला शेवटी.

मी जिना चढून वर गेलो. माझ्याकडे एक छोटं पिस्तुलासारखं यंत्र असतं. नेम धरला की समोरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवतं. दुपारचे दोन वाजले होते. वरच्या खोलीच्या छताला आतून सत्तेचाळीस होतं. गच्चीवर उन्हात बासष्ट.

"म्हणजे काय?" सरांनी विचारलं. ते माझ्या मागोमाग आले होते.

"फोम असता तर छत आतून चाळिशीच्या आत राहिलं असतं, सर. वर फोम नाही."

"नाही कसा? तुम्ही सही केली."

मी यंत्र खिशात ठेवलं. मग म्हणालो, "मी वर आलोच नव्हतो."

मला वाटलं आता तिसरी बसणार. पण त्यांनी हात उचलला नाही. मग म्हणाले, "उद्या या. फोडून बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हातोडा, छन्नी घेऊन गेलो. सरांनी शेजाऱ्याकडून लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, आणून ठेवली होती. गच्चीच्या एका कोपऱ्यात आम्ही हातभर चौकोन फोडायला घेतला. वरचा कोबा निघाला, त्याखाली विटांचे तुकडे, आणि त्याखाली सरळ स्लॅब. मधे काही नाही. सरांनी टेप धरला, मी फोटो काढले. दुसरा कोपराही फोडला. तिथेही तेच.

वसाहतीतल्या कोणीतरी फोन केला असावा. खाली जीप थांबली आणि ठेकेदार दोन माणसं घेऊन धाडधाड जिना चढून आला. त्याला मी ओळखत होतो. दर्यापूरकडचा, पंचेचाळिशीचा, भरल्या अंगाचा माणूस. बावीसही छतं त्यानंच टाकली होती. मागच्या वर्षी त्यानं मला साइटवर चहा पाजला होता, आणि आम्ही त्याच्या मुलीच्या बारावीबद्दल बोललो होतो.

"साहेब, हे काय करून राहिले तुमी?"

"थर शोधून राहिलो. फोमचा."

"फोटो काढले होते ना तुमी तवा? मंग आता काहून फोडता?"

"खालचा फोटो काढला होता. वरचं पाहिलं नव्हतं."

तो जवळ आला. आवाज खाली आणला. "सही तुमची हाय. मी बुडालो त तुमी बी बुडता. समजून घ्या."

"समजलं," मी म्हणालो. "माझी सही मी मागं घेऊन राहिलो. तसंच लिहिणार आहे."

त्याची मूठ माझ्या तोंडावर आली. खालचा ओठ दातात सापडला आणि तोंड रक्तानं भरलं. मी सावरतो न सावरतो तोच त्याच्या माणसानं मागून गुडघ्याच्या वळणावर लाथ घातली. मी पालथा पडलो. ठेकेदार माझ्या पाठीवर गुडघा रोवून बसला, पंज्यानं माझी मान धरली आणि माझा उजवा गाल उघड्या कोब्यावर दाबला.

"घे मोजून," तो म्हणाला. "लई मोजत असतं ना तू? मोज."

मी दहाच मिनिटांपूर्वी मोजलं होतं. बासष्ट हा आकडा मी कितीतरी छतांच्या कागदांवर लिहिला असेल. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. आधी नुसतं गरम लागलं, दोन-तीन श्वास तसे गेले. मग गालाच्या आत कोणीतरी सुई शिरवत नेल्यासारखं झालं, ती डोळ्यापर्यंत गेली. मी ओरडत होतो, पण तोंडात रक्त असल्यामुळे गुळण्या केल्यासारखा आवाज येत होता. डोकं फिरवायचा प्रयत्न केला तर कातडी कोब्याला चिकटून ओढली गेली. त्याच्या दुसऱ्या माणसानं सरांना पाण्याच्या टाकीशी रेटून धरलं होतं. त्यांच्या चपला मला दिसत होत्या, हवेत अर्ध्या उचललेल्या.

त्या चपला दिसेनाशा झाल्या. सर त्यांना धरणाऱ्या माणसाच्या हाताला चावले होते, हे मागाहून कळलं. मग सब्बल फरशीवरून उचलल्याचा खणखणाट झाला, आणि सुकी फांदी मोडावी तसा आवाज. माझ्या मानेवरचा हात सुटला.

मी उठून बसलो तेव्हा ठेकेदार आपला उजवा हात छातीशी धरून बसला होता. हात मनगटाच्या वर नको तिथे वाकला होता. सर दोन्ही हातांनी सब्बल उगारून उभे होते आणि त्यांचे ओठ रक्तानं लाल होते. ते रक्त त्यांचं नव्हतं. ती दोन माणसं त्यांचं तोंड बघून जिन्याकडे सरकली आणि खाली पळाली.

इथे हे संपायला हवं होतं. जिना समोर होता, मी उतरून जाऊ शकत होतो. पण मी ठेकेदाराच्या छातीत लाथ मारली. तो आडवा झाला. मी त्याच्यावर बसलो, त्याचे केस मुठीत धरले आणि त्याचं तोंड त्याच कोब्यावर दाबलं. मोडलेला हात त्याच्याच अंगाखाली गेला होता. तो किंचाळला, "साहेब, सोडा! साहेब!" आणि मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. का मोजत होतो ते मला आजही सांगता येत नाही. यंत्राचा आकडा स्थिर होईपर्यंत धरून ठेवायची सवय असेल. मला थांबायचं नव्हतं एवढं नक्की. बरं वाटत होतं. आजवर कुठल्या गोष्टीनं मला तसं बरं वाटलेलं नाही.

सर माझ्या डोक्याशी उभे होते. "धर," ते म्हणाले. "अजून धर."

अकरापर्यंत आलो होतो तेव्हा माझ्या अंगावर पाणी पडलं.

काकू वर आल्या होत्या. आजारपणानंतर त्या जिना चढल्या नव्हत्या. एका हातानं गडवा रिकामा करून त्यांनी तो फेकून दिला आणि त्याच हातानं माझी कॉलर धरून ओढायला लागल्या.

"सोड त्याले! सोड म्हनते ना! मरन तो!" मग सरांकडे वळून, "आन् तुमी काय पाहून राहिले? मायासाठी मारता का हे? मी मेली नाई अजून."

मी केस सोडले. सरांच्या हातातून सब्बल खाली पडली आणि ते टाकीला टेकून रडायला लागले, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. काकूंनी ठेकेदाराचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि पदर ओला करून त्याच्या गालावर ठेवला. तो "माय, माय" करत होता.

दवाखान्यात आम्हाला एकाच खोलीत दोन बाकांवर बसवलं. मलमपट्टी करणारा डॉक्टर तरुण होता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "दोघांचाही उजवाच गाल? एकाच गाडीवरून पडले का?"

पोलीस ठाण्यात दोन फिर्यादी झाल्या, माझी त्याच्यावर आणि त्याची माझ्यावर. सरांवर मात्र त्यानं केली नाही. हात पडून मोडला असं लिहून दिलं. सत्तरीच्या माणसानं मोडला हे सांगायची त्याला लाज वाटली की काकूंमुळे, मला माहीत नाही. हवालदार लिहिता लिहिता थांबले.

"म्हणजे घर तापतं म्हणून एवढी मारामारी? अमरावतीत कोणाचं घर तापत नाई, साहेब?"

सुजलेल्या ओठांनी मी त्यांना तारे म्हणजे काय, फोम कशाला लागतो, हे समजावत बसलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं, छताच्या वादातून.

अकोल्याला घरी आलो. बायको बार्शीटाकळीच्या शाळेत शिकवते, ती नुकतीच आली होती. माझं तोंड पाहून तिच्या हातातली पिशवी खाली पडली. मी तिला अर्धंच सांगितलं, त्यांनी मला काय केलं तेवढं. ती रोज दोनदा गालाला मलम लावायची, त्या माणसाला शिव्या देत. चौथ्या दिवशी मला राहवेना, मी उरलेलं सांगितलं. अकरापर्यंत मोजल्याचंही. तिचं बोट मलमासकट हवेत थांबलं.

"आणि त्याला कोण लावत असेल?" ती म्हणाली. मग मलम लावून पूर्ण केलं, पण त्यानंतर ट्यूब माझ्या हातात द्यायला लागली.

अहवाल मी त्याच आठवड्यात लिहायला घेतला. ज्या घरमालकांनी परवानगी दिली त्यांच्या गच्च्या उघडून पाहिल्या. फोम निघाला तो फाटकाजवळच्या पहिल्या तीन घरांत. बाकी कुठेच नाही. त्या बाकीच्या घरांचा खरा दर्जा एक तारा. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की आधीचा दाखला मी गच्चीवर न जाता दिला होता. अहवाल गेला आणि वर्षभरासाठी माझा तपासणीचा अधिकार काढून घेतला गेला. मी तक्रार केली नाही. ते वर्ष मी एका दुकानात पंप विकण्यात काढलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी फिर्याद मागे घ्यायचं ठरलं. ठाण्याबाहेरच्या टपरीवर ठेकेदार आणि मी शेजारी उभे राहिलो. त्याच्या हाताला अजून प्लास्टर होतं, गालावर गुलाबी नवी कातडी आली होती. माझ्याही.

"मले वाटलं नवतं तुमी असं करसान," तो म्हणाला.

"मलाही वाटलं नव्हतं."

"फोम तीन घरांपुरताच आलता. बाकीचा आलाच नाई. मी इचारलं, त मले सांगतलं, कोबा टाकून दे." त्यानं चहाचा घोट घेतला. "म्या म्हनलं, साहेब तपासतीन ना. त मले सांगतलं, तो साहेब वर चढत नाई."

कोणी सांगितलं ते मी विचारलं, त्यानं नकारार्थी मान हलवली. मला त्या क्षणी ते नाव नकोच होतं. माझ्याबद्दल इतकं अचूक कोणाला माहीत होतं, हेच डोक्यात फिरत होतं. मार खाताना जे लागलं नव्हतं ते तिथे लागलं. मी कप ठेवला आणि त्याला म्हणालो, "मी तुम्हाला जे केलं ते वाईट केलं." तो माझ्या शेजारी उभा राहून चहा शेवटपर्यंत प्याला.

अहवालाची प्रत घेऊन बावीस कुटुंबं ही घरं विकणाऱ्या बिल्डरच्या दारात बसली. सगळ्यात पुढे सरच होते. दिवाळीनंतर गच्च्या उकरायला सुरुवात झाली. सरांनी मला फोन करून बोलावलं. "अधिकार नसला तरी डोळे आहेत ना? या." मी सुट्टीच्या दिवशी जाऊन उभा राहायचो. फोमचे तक्ते बसवणारा तोच ठेकेदार होता. उजवा हात पूर्ण वळत नव्हता, त्यामुळे तो डाव्या हातानं खुणा करून मजुरांना सांगायचा. आम्ही एकमेकांना नमस्कार करायचो, बस.

नवी तपासणी करायला अमरावतीचीच एक तरुण बाई आली. बावीसही जिने चढली. प्रत्येक गच्चीवर एक छोटं भोक पाडून थर मोजला. सरांच्या घराला तिनं तीन तारे दिले.

"तीनच?" सर चिडले. मुठी वळल्या, मला दिसल्या. मी मधे उभा राहिलो.

"छत आता चांगलं आहे, काका," ती न घाबरता म्हणाली. "पण पश्चिमेच्या दोन खिडक्यांवर सज्जाच नाही. दुपारचं ऊन सरळ आत येतं. सज्जे लावा, मी परत येते."

सरांनी मुठी सोडल्या. वही आणली आणि सज्जा किती फूट बाहेर हवा ते तिच्याकडून लिहून घेतलं.

पुढच्या मे महिन्यात मी सहज म्हणून गेलो. वरच्या खोलीच्या छतावर यंत्राचा नेम धरला. अडतीस. सरांना आकडा दाखवला तर ते हसले, मग खाली बघितलं. काकू वर येतच नाहीत. त्या दोघांची गादी खालच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराशी घातलेली असते, आणि तिथे वारा येत नाही. मी काकूंना म्हटलं, "एकदा वर झोपून तर पाहा, आता खरंच गार आहे."

"असन," त्या म्हणाल्या. "तुमी म्हनता त असन."

वरच्या खोलीत आता कांदे पसरून ठेवले आहेत. पावसाळ्यापर्यंत एकही सडला नाही, असं सर नंतर फोनवर सांगत होते.